आठळीतली झोप

झोप येत नाही, याला ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा प्राचीन चिनी वैद्यकग्रंथ ‘डोळे मिटत नाहीत’ असं म्हणतो. डोळ्याला डोळा लागत नाही म्हणणाऱ्या आपल्याला हे परकं वाटू नये. कारणही चित्रासारखं सांगितलंय. शरीराची राखण करणारी एक शक्ती दिवसा बाहेरच्या अंगाने फिरते आणि रात्री आत शिरते. तिला आत शिरायची वाट मिळाली नाही, की माणूस टक्क जागा.

त्यावरचा काढा करताना हजार ली दूरवरून वाहत आलेलं पाणी घ्यायचं, ते दहा हजार वेळा उंचावून ओतायचं, निवळलेलं तेवढं बोरूच्या जळणावर उकळायचं आणि त्यात राळ्यासारखं चिकट धान्य व ‘बानशिया’ नावाचा कंद टाकायचा. दुखणं ताजं असेल तर प्याला पालथा घालून आडवं व्हायचं, घाम येतो नि माणूस बरा होतो, असं ग्रंथ सांगतो. (दहा हजार वेळा पाणी ओतणाऱ्याला काढ्याची गरज उरत असेल का, ही शंका माझी.) बानशिया आपल्या अळूच्या कुळातला. कच्चा खाल्ला तर घसा धरतो, विषारीही आहे. आपण अळूची खाज चिंचेने मारतो, चिनी औषधवाले बानशियाला आलं आणि तुरटीने नरम करतात.

पण पुढे झोपेच्या औषधांत मान मिळाला तो बोराला. सुआन म्हणजे आंबट, झाओ म्हणजे बोर, रेन म्हणजे आठळीतला मगज आणि तांग म्हणजे काढा. ‘सुआन झाओ रेन तांग’ हा काढा लिहून ठेवला हान राजवटीच्या अखेरच्या काळातल्या झांग झोंगजिंग या वैद्याने. दोनशेहून अधिक माणसांच्या आपल्या गोतावळ्यातली दोन तृतीयांश माणसं दहा वर्षांच्या आत रोगराईत गेली, असं त्याने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवलंय. या काढ्याचा रोगी मात्र तापाने फणफणलेला नाही. तो थकून रिता झालाय, आतून तगमगतोय आणि म्हणून झोपू शकत नाही.

काढ्यात वस्तू पाचच. बोराचा मगज, ज्येष्ठमध, पाइनच्या मुळांवर वाढणारी फूलिंग बुरशी, उष्णता उतरवणारं झीमू हे मूळ आणि रक्त खेळतं ठेवणारं च्वानश्योंग. मगज दोन शेंग, म्हणजे मापाने, बाकीचं सगळं एक-दोन लियांग वजनाचं. मुख्य कोण आणि सोबती कोण, हे मापावरूनच कळतं. आठ शेंग पाणी, आजच्या हिशोबाने दीड लिटरच्या वर. त्यात आधी मगज एकटाच उकळायचा, पाणी सहा शेंगांवर आलं की बाकीचे घालून तीनवर आटवायचं, गाळायचं आणि कोमट असताना तीनदा प्यायचं.

हा काढा ज्या ग्रंथात होता तोच मधली काही शतकं दिसेनासा झाला. अकराव्या शतकात वांग झू या विद्वानाला राजदरबारच्या ग्रंथागारात किडीने खाल्लेल्या बाडांत त्याची संक्षिप्त प्रत सापडली. दरबारी पंडितांनी ती शोधून-सवरून 1066 च्या सुमारास छापली, ‘जिनग्वे याओल्वे’ या नावाने.

खरी गंमत फळ की मगज या वादात आहे. पाचव्या-सहाव्या शतकातला पंडित ताओ होंगजिंग बुचकळ्यात पडला होता. पूर्वेकडचे लोक हे आंबट बोर झोप उडवायला खातात आणि जुना औषधग्रंथ म्हणतो याने झोप येते, हे तर अगदी उलट! 659 मध्ये तांग राजवटीच्या दरबाराची औषधसंहिता तयार करणाऱ्या सू जिंगने आणखी कोडं घातलं: मूळ जुन्या ग्रंथात फळच सांगितलंय, मगजाचं नावही नाही, आणि वैद्य मात्र सर्रास मगज वापरतात. सोळाव्या शतकात ली शिझेन या वैद्याने वाटणी केली ती मगजाचीच. भाजलेला मगज झोप न येणाऱ्याला, कच्चा सारखी झोप येणाऱ्याला. वाटणी सुबक आहे, म्हणूनच मला ती संशयास्पद वाटते. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना कच्च्या मगजानेही गुंगी येते.

आज जपानमध्ये हाच काढा ‘सान्सोनिन्तो’ नावाने पुडीतून मिळतो. तैवानच्या आरोग्य विम्याच्या नोंदींत निद्रानाशावर चिनी वैद्यांनी सर्वाधिक लिहून दिलेला काढा हाच निघाला. जास्त लिहून दिला म्हणजे जास्त गुणकारी, असं नव्हे. माणसांवरच्या बऱ्याच चाचण्या छोट्या आणि ढिसाळ आहेत.

हबै प्रांतातल्या शिंगताय भागाचा मगज नावाजलेला. काटेरी रानझुडपांची फळं शरद ऋतूच्या अखेरीस उतरवायची, गर काढायचा, कठीण आठळी फोडायची आणि आतला चपटा, तांबूस-जांभळट मगज वाळवायचा. फळ लहान, मगज त्याहून लहान, म्हणून माल महाग. आणि माल महाग झाला की भेसळ आलीच. चिनी बाजारात या मगजात मिसळतात तो बहुधा दुसऱ्या एका बोराचा, युन्नान आणि म्यानमारकडून येणारा पिवळट मगज. ते झाड म्हणजे आपलीच बोर, संक्रांतीच्या सुगडात आणि बोरन्हाणात जिची फळं असतात ती. तिच्या आठळ्या आपण थुंकून टाकतो.