खेळण्यांच्या दुकानातील दोन कप्पे: मुलगी, मुलगा आणि बाहुलीची कंबर

पुणे जिल्ह्यातील बारामती येथे फेरेरो या इटालियन कंपनीचा कारखाना २०११ साली सुरू झाला. तेथे तयार होणारे ‘किंडर जॉय’ हे चॉकलेटचे अंडे अल्पावधीतच देशभरातील किराणा दुकानांच्या गल्ल्यांवर दिसू लागले. अंड्याच्या एका भागात खाऊ आणि दुसऱ्या भागात लहानसे खेळणे, अशी त्याची रचना असते. भारतात अनेक वर्षे हे अंडे दोन प्रकारांत विकले गेले. निळ्या वेष्टनातील अंडे मुलग्यांसाठी आणि गुलाबी वेष्टनातील मुलींसाठी असे. खाऊ तोच आणि किंमतही तीच होती. फरक होता तो आतील खेळण्याचा. ते खेळणे कोणासाठी आहे, हे मूल वेष्टन फोडण्यापूर्वीच ठरलेले असे.

खेळण्यांची ही विभागणी बहुतेक पालकांना स्वाभाविक वाटते. मात्र खेळण्यांमधून मुलांच्या मनावर स्त्री-पुरुषांच्या कामांविषयी, तसेच स्वतःच्या शरीराविषयी कोणत्या कल्पना बिंबतात, हा गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञांच्या गांभीर्याने केलेल्या अभ्यासाचा विषय ठरला आहे. भारतात २०२० पासून स्वदेशी खेळणी उद्योगास सरकारी पातळीवर उत्तेजन मिळू लागल्याने या प्रश्नास येथेही नवे महत्त्व प्राप्त झाले आहे.

भातुकली आणि किल्ला

खेळांतील स्त्री-पुरुष भेद परदेशी कंपन्यांनी भारतात आणला, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. महाराष्ट्रात भातुकलीची परंपरा जुनी आहे. चूल, बोळकी, तवा, परात, जाते, पाटा-वरवंटा, खलबत्ता अशी स्वयंपाकघराची संपूर्ण छोटी प्रतिकृती मुलींच्या हाती दिली जाई. तिच्या जोडीला ठकी नावाची लाकडी बाहुली आणि बाहुला-बाहुलीचे लग्न असे. बालविवाह रूढ असलेल्या काळात हा केवळ खेळ नव्हता, तर लवकरच अंगावर पडणाऱ्या संसाराचा तो सराव होता.

याउलट दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला बांधणे, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवणे आणि मातीचे मावळे उभे करणे, हे काम प्रामुख्याने मुलग्यांचे मानले जाई. विटी-दांडू, गोट्या आणि भोवरा हे खेळही त्यांच्याकडेच होते. सागरगोटे मात्र मुलींचे. आज अनेक गावांत आणि शहरांत मुलीही उत्साहाने किल्ले बांधतात. मुलग्यांच्या हाती भातुकली देण्याची प्रथा मात्र तितक्या सहजतेने रुजलेली नाही.

जुन्या खेळण्यांत भूमिका वाटून दिलेल्या होत्या, तरी शरीराचा आदर्श नव्हता. ठकी ही लाकडाच्या तुकड्यातून घडविलेली, जाड अंगाची आणि रंगविलेल्या डोळ्यांची बाहुली होती. देशाच्या इतर भागांतही हेच आढळते. कोलकात्याच्या पूर्वेस वसविण्यात आलेल्या न्यू टाउनमधील इको पार्कमध्ये २०१२ नंतर बंगालच्या हस्तकलांना स्थान देण्यात आले. या राज्यातील पूर्व बर्धमान जिल्ह्यातले नतूनग्राम हे गाव लाकडी घुबडे आणि राजा-राणीच्या बाहुल्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील राणीला कंबर जवळजवळ नसतेच; लाकडाच्या ओंडक्याचा आकार हाच तिचा बांधा. अशा बाहुलीशी स्वतःच्या शरीराची तुलना करावी, असे मुलीला सुचण्याचे कारण नव्हते.

बार्बी मुंबईत, जी. आय. जो गोव्यात

ही स्थिती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बदलली. अमेरिकेतील मॅटेल कंपनीची बार्बी बाहुली मुंबईच्या ब्लो प्लास्ट उद्योगसमूहाबरोबरच्या भागीदारीतून भारतीय बाजारात आली. रूथ हँडलर यांनी घडविलेली ही बाहुली ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात प्रथम सादर करण्यात आली होती. त्यापूर्वीच्या बहुतांश बाहुल्या तान्ह्या बाळाच्या रूपात असत आणि मुलगी त्यांची आई होत असे. बार्बी ही प्रौढ तरुणी होती. मुलीने तिची आई व्हावे अशी अपेक्षा नव्हती, तर मोठेपणी तिच्यासारखे व्हावे अशी होती.

भारतात बार्बीला साडी नेसविण्यात आली, बांगड्या आणि टिकलीही देण्यात आली. शरीराचा साचा मात्र मूळचाच राहिला.

याच सुमारास, १९८७ साली, एमआरएफ समूहाने हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीच्या सहकार्याने फनस्कूलची स्थापना केली. गोव्यातील कारखान्यात तयार होणाऱ्या तिच्या खेळण्यांमध्ये ‘जी. आय. जो’ हे सैनिकही होते. १९६४ साली अमेरिकेत हे खेळणे बाजारात आणताना हॅस्ब्रोने ‘बाहुली’ हा शब्द कटाक्षाने टाळला आणि त्याऐवजी ‘ॲक्शन फिगर’ हा शब्द रूढ केला. बाहुली म्हटल्यास मुलगे खेळणार नाहीत आणि त्यांचे वडील ती विकत घेणार नाहीत, असा हिशेब त्यामागे होता.

शरीराचा साचा

बार्बीच्या शरीराची प्रमाणे प्रत्यक्ष स्त्रीशी ताडून पाहण्याचा प्रयत्न ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी केला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, बार्बीसारखा बांधा असलेली स्त्री आढळण्याची शक्यता एक लाखात एकापेक्षाही कमी आहे. तिचा जोडीदार केन याच्या बाबतीत हेच प्रमाण सुमारे पन्नासात एक इतके होते. अवास्तवता दोन्ही बाहुल्यांत होती. परंतु मुलींच्या वाट्यास आलेली कितीतरी अधिक होती.

मुलग्यांच्या खेळण्यांतही हा प्रवाह दिसून येतो. हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली जी. आय. जोच्या विविध आवृत्त्यांची मोजमापे घेतली आणि ती प्रौढ पुरुषाच्या उंचीच्या प्रमाणात वाढवून पाहिली. १९६४ च्या सैनिकाच्या दंडाचा घेर १२.२ इंच भरला. १९९० च्या दशकातील ‘जी. आय. जो एक्स्ट्रीम’चा दंड याच प्रमाणात २६.८ इंचांवर पोहोचला होता. एका पिढीच्या अवधीत खेळण्यातील पुरुषाचा दंड दुपटीहून मोठा झाला.

या आकारांचा मुलांवर परिणाम होतो काय, याचा शोध ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या हेल्गा डिटमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे साडेपाच ते साडेआठ वर्षे वयाच्या १६२ मुलींचा समावेश होता. काहींना बार्बीची चित्रे असलेले पुस्तक दाखविण्यात आले, काहींना अधिक भरलेल्या बांध्याच्या एमी या बाहुलीचे, तर काहींना बाहुली नसलेली चित्रे. बार्बीची चित्रे पाहिलेल्या लहान मुलींमध्ये स्वतःच्या शरीराविषयी असमाधान आणि अधिक बारीक होण्याची इच्छा वाढल्याचे आढळले. सर्वांत मोठ्या वयोगटातील मुलींमध्ये बार्बीचा असा तात्काळ परिणाम दिसला नाही. संशोधकांच्या मते, बार्बी लहान वयात आदर्श म्हणून काम करते. पुढे हा आदर्श मुलीच्या मनात आधीच रुजलेला असतो.

असे प्रयोग बहुधा अल्प काळाचे असतात आणि ते प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांत झाले आहेत, ही त्यांची मर्यादा आहे. मुलांच्या मनावर जाहिराती, चित्रपट आणि घरातील बोलणे यांचाही प्रभाव पडतो. भारतात बारीकपणाच्या जोडीला गोरेपणाचाही प्रश्न आहे. दुकानातील बाहुली गोरी असते आणि घरात सावळ्या मुलीच्या वर्णाविषयी चर्चा होते; या दोन्ही गोष्टी ती एकाच वयात ऐकते आणि पाहते.

मॅटेलने जानेवारी २०१६ मध्ये बार्बीचे उंच, बुटके आणि भरलेल्या बांध्याचे असे तीन नवे आकार सादर केले. तिच्या त्वचेच्या छटाही वाढविण्यात आल्या. मूळ आकाराची बाहुली मात्र बंद करण्यात आली नाही.

कामांची वाटणी

शरीराखेरीज दुसरा प्रश्न भूमिकांचा आहे. १९९२ साली मॅटेलने बोलणारी बार्बी बाजारात आणली. तिच्या अनेक वाक्यांपैकी एकात गणिताचा तास कठीण असल्याची तक्रार होती. अमेरिकेतील विद्यापीठ-शिक्षित महिलांच्या संघटनेने आक्षेप घेतल्यावर हे वाक्य काढून टाकण्यात आले.

ठोकळे, कोडी आणि पटावरील खेळ यांचा मुलांच्या अवकाशीय आकलनाशी, म्हणजेच आकार, दिशा आणि रचना मनात उभी करण्याच्या क्षमतेशी, संबंध असल्याचे अमेरिकेतील ८०० हून अधिक मुलांच्या माहितीवर आधारित अभ्यासात २०१५ साली दिसून आले. हे खेळ मुलगे मुलींपेक्षा अधिक वेळा खेळतात, असेही त्यात आढळले. अभियांत्रिकी आणि विज्ञानात ही क्षमता उपयोगी पडते. तेव्हा ठोकळ्यांचा डबा ‘मुलग्यांच्या’ कप्प्यात ठेवण्याने मुलीचे होणारे नुकसान केवळ खेळापुरते मर्यादित राहात नाही.

मुलग्यांचेही नुकसान होते. लेगो कंपनीसाठी सात देशांत करण्यात आलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७१ टक्के मुलग्यांनी, मुलींची समजली जाणारी खेळणी घेतल्यास आपली थट्टा होईल, अशी भीती व्यक्त केली. अशीच भीती वाटणाऱ्या मुलींचे प्रमाण ४२ टक्के होते. बाळाला जोजविणे, भरविणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे हे सारे बाहुलीच्या खेळातून शिकता येते. ते शिकण्याची संधी मुलग्यास थट्टेच्या भीतीने नाकारली जाते.

मुलगे आणि मुली यांच्या आवडीत काही नैसर्गिक भेद असतो काय, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु वेष्टनाचा रंग किंवा बाहुलीच्या कमरेचा घेर निसर्ग ठरवीत नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्वीट यांनी सीअर्स या विक्रेत्याच्या जुन्या खेळणी-सूचिपत्रांचा अभ्यास केला. १९७५ च्या सूचिपत्रात दोन टक्क्यांहून कमी खेळणी उघडपणे ‘मुलग्यांसाठी’ किंवा ‘मुलींसाठी’ म्हणून दर्शविलेली होती. ही विभागणी त्यानंतरच्या दशकांत पुन्हा तीव्र झाली. एकाच घरातील भावा-बहिणीसाठी दोन स्वतंत्र संच विकले गेल्यास विक्री वाढते, हे यामागील साधे व्यापारी गणित आहे.

पाठ्यपुस्तक बदलले, खेळणे नाही

महाराष्ट्रात या दिशेने एक लक्षणीय पाऊल शालेय पुस्तकांत टाकण्यात आले. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या नव्या पुस्तकात आई आणि वडील दोघे मिळून भाजी साफ करीत असल्याचे चित्र देण्यात आले, तसेच स्त्रीला डॉक्टरच्या भूमिकेत दाखविण्यात आले. या बदलाची देशभर दखल घेण्यात आली.

जाहिरातींच्या क्षेत्रात, मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषदेने जून २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांविषयीच्या घातक साचेबंद चित्रणासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. स्त्रीला घरकाम करताना दाखविण्यास त्यांत मनाई नाही. परंतु ते काम केवळ स्त्रीचेच आहे असे सुचविणे, किंवा शरीराचा बांधा ‘आदर्श’ नसल्यामुळे एखादी व्यक्ती अपयशी ठरते असे दाखविणे, आक्षेपार्ह मानण्यात आले आहे.

प्रत्यक्ष खेळण्यांसाठी असलेला नियम मात्र वेगळ्या स्वरूपाचा आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक करण्यात आले. या मानकांनुसार खेळण्याची धार, सुटे भाग, ज्वलनशीलता आणि रंगातील शिशासारखे घातक घटक तपासले जातात. ही तपासणी अत्यावश्यक आहे. खेळण्यातून मुलांस कोणती कल्पना मिळते, हे मात्र तिच्या कक्षेत येत नाही.

अन्यत्र काही प्रयत्न झाले आहेत. स्पेनमध्ये डिसेंबर २०२२ पासून खेळण्यांच्या जाहिरातींतील स्त्री-पुरुष भेदास आळा घालणारी आचारसंहिता लागू झाली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, ५०० वा अधिक कर्मचारी असलेल्या बहुविभागीय दुकानांनी मुलांच्या वस्तूंसाठी मुलगा-मुलगी असा भेद नसलेला विभाग ठेवावा, असा कायदा २०२४ पासून अमलात आला. ‘मुलींचा’ अथवा ‘मुलग्यांचा’ विभाग ठेवण्यास त्यात बंदी नाही.

पालकांपुढील निवड

भातुकली घराबाहेर काढणे हा यावरील उपाय नव्हे. चूल मांडणे, पाहुण्यांना वाढणे, एकमेकांशी लटके भांडण करणे यांतून मूल भाषा आणि व्यवहार शिकते. प्रश्न एवढाच आहे की, त्या चुलीपाशी भाऊही बसतो काय आणि दिवाळीच्या किल्ल्याची माती बहिणीच्याही हाताला लागते काय. बाहुली आणताना तिच्यासारख्या बांध्याची आणि वर्णाची व्यक्ती आपल्या घरात किंवा गल्लीत आहे काय, असा प्रश्न पालकांनी स्वतःस विचारला तरी निवड पुष्कळ बदलू शकते.

आयात कमी करून भारतीय कारखाने आता आपली खेळणी स्वतः घडवू लागले आहेत. पूर्वी मुंबईत बार्बीचे वस्त्र भारतीय झाले आणि साचा परकाच राहिला. यापुढे साचाही येथेच तयार होणार असेल, तर त्याचे माप काय असावे आणि त्याच्या खोक्यावर कोणाचे चित्र असावे, हे ठरविण्याची जबाबदारीही येथील उत्पादकांची आणि ग्राहकांचीच राहील.