डालडा, मॅगी आणि आपली मगनवाडी : माहिती कळली म्हणून ताट बदलतं का?

पोस्ट जरा मोठी आहे. पण विषय आपल्या लेकरांच्या पोटाचा आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

वर्ध्यात संध्याकाळी कुठल्याही चौकात थांबा. चायनीजची गाडी, मंचुरियन, मोमोज, बर्गर, शेजारी पाच-दहा रुपयांच्या कुरकुरीत पाकिटांच्या माळा. खाणाऱ्यांपैकी कुणालाही विचारा, “हे चांगलं नाही” हे त्याला माहीत असतं. मोबाईलवर रोज एक व्हिडिओ येतो, आपण बघतो, पुढे पाठवतो, आणि रविवारी लेकरांना घेऊन त्याच गाडीवर जातो. म्हणजे माहिती आहे, पण ताट तेच आहे. असं का होतं?

गंमत अशी की या प्रश्नावर देशातला एक मोठा प्रयोग आपल्याच गावात झालाय.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजी बजाजांनी आपली बाग आणि इमारत त्यासाठी दिली. मगनलाल गांधींच्या नावावरून तिचं नाव पडलं मगनवाडी. चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. लंडनला हिशेबतपासनीस झालेला आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस इथं येऊन घाणी, जातं आणि गुऱ्हाळाचा हिशेब मांडत बसला. सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, १९३६ मध्ये जाण्याआधी गांधीजी इथंच राहत होते.

त्या काळात बर्गर नव्हता, पण खाण्याचा कारखाना आला होता. भाताच्या गिरण्या तांदूळ पांढराशुभ्र करून देत होत्या. पिठाच्या गिरण्यांमधून कोंडा काढलेला मैदा येत होता, गुळाच्या जागी साखर येत होती आणि घाणीच्या जागी तेलाची मिल. गिरणीचा पांढरा तांदूळ म्हणजे प्रतिष्ठा आणि हातसडीचा म्हणजे गरिबी, असं लोकांच्या मनात बसत चाललं होतं.

या पांढऱ्या तांदळाची गोष्ट शास्त्रज्ञांना आधीच कळली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमान नावाच्या डच डॉक्टरनं पाहिलं की सडलेला पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की पुन्हा उभ्या राहतात. बेरीबेरीचं मूळ तिथं सापडलं. त्या कामासाठी १९२९ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. गिरणी तांदळाचा जो भाग काढून टाकत होती, त्यातच ब-१ जीवनसत्त्व होतं.

मगनवाडीनं ही माहिती उचलली. ‘हरिजन’ साप्ताहिकातून गांधीजी हातसडीचा तांदूळ, घरच्या जात्याचं पीठ, गूळ, घाणीचं तेल, कच्चा पालेभाज्यांचा पाला यांवर सतत लिहीत होते. पण ते लिहून थांबले नाहीत. मगनवाडीच्या स्वयंपाकघरात तेच पदार्थ शिजत होते, मोजून वाढले जात होते. १९३५ मध्ये तर तिथं जेवणात सोयाबीनचाही प्रयोग झाला. (आज आपल्या जिल्ह्याची शिवारं सोयाबीननं भरलेली आहेत, आणि त्याच्या रिफाइंड तेलात गाडीवरचं मंचुरियन तळलं जातंय. इतिहास असाही टोमणा मारतो.)

आवारात जातं होतं, घाणी होती, कागद आणि मधमाशांचं काम होतं. झवेरभाई पटेलांनी जुनी बैलघाणी सुधारली. ती ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर गेली. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झालं. गिरणीचा तांदूळ वाईट म्हणताय ना, मग चांगला कुठं मिळेल, कसा सडायचा, किती खर्च येईल, हे सगळं एकाच अंगणात बघायला मिळत होतं.

आता याच्याशेजारी डालडा ठेवून बघा.

१९३७ मध्ये डालडा बाजारात आला. पिवळा डबा, ताडाचं झाड. तुपासारखा दिसणारा, तुपापेक्षा पुष्कळ स्वस्त. वनस्पतीला गांधीजींचा विरोध होता. स्वातंत्र्यानंतर बंदीची मागणी संसदेपर्यंत गेली. बंदी आली नाही. तुपातली भेसळ पकडता यावी म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती तेवढी झाली. लोकांना “हे खरं तूप नव्हे” हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी लग्नाच्या पंगती डालड्यावर उठल्या आणि रिकाम्या डब्यात घरोघरी तुळस लागली. कारण सरळ होतं. खरं तूप परवडत नव्हतं. ट्रान्स फॅट हृदयाला घातक आहे हे विज्ञानानं १९९० च्या दशकात ठामपणे सांगितलं, आणि आपल्याकडे त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा लागू झाली जानेवारी २०२२ मध्ये. डालड्याच्या जन्मानंतर ८५ वर्षांनी!

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या आठवणीतलं. जून २०१५ मध्ये शिशाच्या प्रमाणावरून मॅगी परत मागवण्याचा आदेश निघाला. घराघरांतली पाकिटं कचऱ्यात गेली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली आणि नव्यानं तपासणी करायला सांगितली. तपासणीत नमुने उत्तीर्ण झाले आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत दुकानात. पुढच्या वर्षभरात ती पुन्हा पहिल्या क्रमांकावर. शिशाचा प्रश्न सुटला, ठीक. पण त्या पाच महिन्यांत “मैदा, मीठ आणि तेल रोज पोटात किती जातं” हा प्रश्न आपण स्वतःला विचारला का? नाही विचारला. भीती होती तोवर सवय बदलली, भीती गेली आणि सवय परत आली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे : नुसत्या माहितीनं माणूस घाबरतो. ताट बदलायला माहितीसोबत हाताशी दुसरं काहीतरी लागतं, आणि ते परवडावंही लागतं. मगनवाडीला ही पहिली गोष्ट नेमकी कळली होती. दुसरीत तीही हरली, हे मान्य करायला पाहिजे. मिलचं तेल स्वस्त झालं आणि घाण्या बंद पडल्या. ज्वारीची जागा सोयाबीन-कपाशीनं घेतली, रेशनवर गहू-तांदूळ आला आणि भाकर मागे पडली. तरी सगळं गेलं नाही. गाईच्या तुपातला गोरसपाक आजही वर्ध्याची ओळख आहे. पाहुणा आला की आपण तोच बांधून देतो, कारण तो इथं मिळतो.

आणि आता लाकडी घाण्याचं तेल परत आलंय. चांगलंच आहे. पण भाव बघा! कुमारप्पांनी जे गरिबाच्या घरासाठी सांगितलं, ते आज पगारदारांच्या किराण्यात जातं. मजुरीवर जाणाऱ्या बाईनं सकाळी सातला लेकराच्या हातात दहाची नोट ठेवली, तर त्या नोटेत काय येतं? पाकीटच येतं. तिला व्हिडिओ दाखवून काय होणार?

नियम आहेत. महाराष्ट्र सरकारनं २०१७ मध्येच शाळेच्या कॅन्टीनमधून जंक फूड हटवायला सांगितलं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी तर शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला मनाई केली. ५० मीटर म्हणजे साधारण पाऊणशे पावलं. आपल्या लेकराच्या शाळेपासून एकदा चालून बघा, आणि काय दिसलं ते कमेंटमध्ये लिहा.

पण भाऊ, गाडीवाल्याला हाकलून भागणार नाही, त्यालाही पोट आहे. त्याच गाडीवर दहा रुपयांत फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, उकडलेल्या शेंगा, ज्वारीच्या लाह्या मिळतील असं बचत गट, पालक आणि शाळा समिती मिळून करू शकतात का? शाळेची सहल दरवेळी दूर कशाला, एक मगन संग्रहालयात नेता येईल का? दाण्यातून तेल कसं येतं हे लेकरांनी स्वतः बघितलं, तर ते व्हिडिओपेक्षा जास्त दिवस टिकेल.

नव्वद वर्षांपूर्वी देशाला खायचं कसं हे शिकवायला निघालेलं गाव आहे आपलं. निदान आपल्या शाळांपुढच्या त्या ५० मीटरचं तरी बघू या.