तलाकनंतर घर कुणाचं?

चेंबूर, गोवंडी, चीता कॅम्प या पट्ट्यातल्या ओळखीच्या बायका तलाकच्या प्रसंगी मला जे विचारतात, ते वर्तमानपत्रांतल्या चर्चेत क्वचितच असतं. तलाक एका दमात तीनदा म्हटला की तीन महिन्यांत तीनदा, हे त्यांना विचारायचं नसतं. त्या म्हणतात, "भाईजान, घराचं काय होणार?" आणि लगेच, "मुलं माझ्याकडे राहतील ना?"

पहिल्या प्रश्नामागे बहुतेकींचा एक समज असतो, की नवऱ्याने सोडलं तर अर्धं घर मिळतं. हा समज बहुधा टीव्हीवरच्या मालिकांनी पसरवला असावा. भारतात कुठल्याही धर्माच्या घटस्फोटात नवऱ्याची मालमत्ता आपोआप अर्धी होत नाही. हिंदू विवाहांत बायकोला असा हिस्सा देऊ पाहणारं विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, पण लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. अपवाद गोव्याचा. तिथे १८६७च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेचा वारसा चालू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि हे मुसलमानांनाही लागू आहे. म्हणजे बांद्याची मुस्लिम बाई तलाकनंतर पिशवी घेऊन माहेरी येते, आणि पत्रादेवीचा नाका ओलांडला की तिथली तिची मावसबहीण अर्ध्या घराची मालकीण असते. समान नागरी कायद्यावर तावातावाने बोलणारे दोन्ही बाजूंचे लोक या तपशिलाकडे फारसे वळत नाहीत.

शरीयतचा हिशेब वेगळा आहे. तिथे बायकोचं ते बायकोचं, नवऱ्याचं ते नवऱ्याचं. लग्नाने मालमत्ता एकत्र होत नाही, म्हणून तलाकने वाटलीही जात नाही. इंग्लंडमधल्या विवाहितेला स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवण्याचा पूर्ण हक्क १८८२ मध्ये मिळाला, मुसलमान बाईला तो तेराशे वर्षांपासून आहे, असं आपण अभिमानाने सांगतो. ते खरंही आहे. पण बायकोचं ते बायकोचं या नियमाचा उपयोग तिच्याजवळ काही असेल तरच. ते यायचं तीन वाटांनी: बापाच्या घरचा वारसा, मेहर, आणि लग्नात मिळालेल्या वस्तू. या तिन्ही वाटा कशा अडल्या, याचा बराचसा इतिहास याच शहरातल्या कोर्टांत घडला.

सुरुवात १८४७ची. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि कच्छी मेमन समाजातल्या मुलींनी बापाच्या मालमत्तेत कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला. समोरच्यांचं म्हणणं असं, की आमच्यात मुलींना वारसा देण्याची रीत नाही. न्यायाधीश होते सर अर्स्किन पेरी. लोक मुसलमान असले तरी त्यांचा व्यवहार रूढीने चालत असेल तर कोर्ट रूढीच मानेल, असा निकाल त्यांनी दिला. मुली हरल्या. धर्मग्रंथाने दिलेला हिस्सा रूढीने काढून घेतला आणि इंग्रजी कोर्टाने त्यावर शिक्का मारला. "शरीयत बाईला मागे खेचते" हे वाक्य मी जेव्हा ऐकतो तेव्हा मला या मुली आठवतात. त्या शरीयत मागत होत्या.

ती रूढी मोडायला नव्वद वर्षं लागली. १९३७चा शरीयत कायदा आला आणि १९३८ मध्ये कच्छी मेमनांसाठी वेगळा कायदा झाला. पण १९३७च्या कायद्यातून शेतजमीन वगळली गेली. तो विषय प्रांतांचा होता हे कारण खरं, पण त्या काळी मालमत्ता म्हणजे मुख्यतः जमीनच होती. आणि जिथे हिस्सा कायद्याने मिळतो तिथेही हक्कसोडपत्र आहेच. कोकणात, मराठवाड्यात बहिणी भावांसाठी सही करतात, कारण उद्या नवऱ्याने टाकलं तर यायचं याच भावाच्या दारात. त्या सहीने हिस्सा जातो आणि वेळ येते तेव्हा भावाचं दार उघडेलच असं नाही.

मेहरची कथा आणखी अवघड. निकाहनाम्यात मेहर ताबडतोब द्यायचा की नंतर, हे लिहिलेलं असतं. अरबीत दोन्हींसाठी वेगळे शब्द आहेत, पण आपल्या बोलण्यात दोन्हींचा उच्चार "मुअज्जल"च होतो. एकात ऐन, दुसऱ्यात हमजा. एका अक्षराचा फरक, तोही कानाला न कळणारा, आणि त्यावर पैसे लग्नाच्या दिवशी मागता येतात की तलाक किंवा मृत्यूनंतर, हे ठरतं. निकाहच्या वेळी तो शब्द कुठला, हे वधूकडचा एकही माणूस वाचत नाही.

रक्कम किती, हा पुढचा प्रश्न. बाई ताहिरा खटला यासाठी वाचायला हवा. तो मुंबईचाच. १९६२ मध्ये तलाक झाला, तडजोडीच्या हुकूमनाम्याने तिला एक फ्लॅट, मेहरचे ५,००० रुपये आणि इद्दतचे १८० रुपये मिळाले. पुढे दोघं पुन्हा काही काळ एकत्र राहिली, पुन्हा वेगळी झाली, आणि तिने पोटगी मागितली. मॅजिस्ट्रेटने तिला महिना ४०० आणि मुलाला ३०० मंजूर केले. वरच्या कोर्टांत ते टिकलं नाही. नवऱ्याचं म्हणणं, मेहर दिला म्हणजे हिशेब मिटला. ऑक्टोबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी साधं गणित मांडलं: पाच हजारांच्या व्याजावर मुंबईत बाई एक दिवस तरी जगेल का? मेहर दिला एवढ्याने पोटगी सुटत नाही, ती रक्कम जगायला पुरेशी असायला हवी, असं त्यांनी ठरवलं. शाहबानोचा निकाल याच्या साडेसहा वर्षांनंतरचा, एप्रिल १९८५चा. गदारोळ त्याचा झाला. बाई ताहिराचं नाव आज वकिलांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

शाहबानोनंतर १९८६चा कायदा आला. तो मुस्लिम बाईचा हक्क हिरावणारा म्हणून बदनाम आहे, आणि हेतू पाहिला तर ती बदनामी चुकीची नाही. पण त्याच्या तिसऱ्या कलमात इद्दतच्या मुदतीत "वाजवी आणि न्याय्य तरतूद" करायची, असेही शब्द होते. लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर नातलगांनी, मित्रांनी, सासरच्यांनी दिलेल्या सगळ्या वस्तू बाईच्याच, हेही त्यातच लिहिलं आहे. २००० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं, की तरतूद इद्दतच्या मुदतीत करायची, पण ती पुरायला हवी इद्दतच्या पुढेही. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दानियल लतीफी खटल्यात तेच म्हटलं. जानेवारी २०२४ मध्ये चिपळूणच्या कोर्टातून वर आलेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं: बाईने दुसरं लग्न केलं तरी पहिल्या नवऱ्याकडून येणं असलेली ही रक्कम बुडत नाही. तिथे रक्कम होती नऊ लाख.

दरम्यान १९३९च्या कायद्याकडे फार कमी लोक पाहतात. मुस्लिम बाईला कोर्टातून विवाह मोडून घेण्याची कारणं त्यात दिली आहेत. दोन वर्षं खर्च न देणं, चार वर्षं पत्ता नसणं ही कारणं माहीत असतात. पण क्रूरतेच्या व्याख्येत असंही आहे, की नवऱ्याने बायकोची मालमत्ता विकली किंवा तिला तिच्या मालमत्तेवरचा हक्क बजावू दिला नाही, तर तीही क्रूरता. दागिने गहाण टाकून परत न आणणारे नवरे आपल्या आसपास कमी नाहीत. ते या व्याख्येत बसू शकतात, हे त्या दागिन्यांच्या मालकिणींना कुणी सांगत नाही.

मुलांचं थोडक्यात. फिक्हमध्ये ताबा आणि पालकत्व वेगळं. हनफी मताने मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे, पण मालमत्तेचा पालक बापच. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ मध्ये तर आईने मुलांची जमीन विकलेली रद्दच ठरवली. कोकणी मुसलमान मात्र शाफई, आणि शाफई परंपरेत जाणत्या वयाला आलेल्या मुलालाच विचारतात, तुला कुणाकडे राहायचंय. वकील बहुधा हनफी नियमच "मुस्लिम कायदा" म्हणून सांगतात, कारण वर्षानुवर्षं त्यांच्या टेबलावर असलेलं पुस्तक मुल्लांचं, त्यात भर हनफी मतावर. (हे दिनशा फर्दुनजी मुल्ला पारशी होते.) वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात मात्र १८९०च्या पालकत्व कायद्याप्रमाणे मुलाचं हित आधी पाहतात. वयाचा नियम मदतीला येतो, पण तो अखेरचा शब्द नसतो. आठ वर्षांचा झाला म्हणून मुलगा उचलून नेता येत नाही.

आता पुन्हा घर. २०१९च्या तलाकबंदी कायद्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग आहे, बाईला निर्वाह भत्ता आणि अज्ञान मुलांचा ताबा आहे. घराबद्दल एक ओळ नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने छताखाली राहण्याचा हक्क दिला, तो मुसलमान बाईलाही आहे, पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे.

मालकीची वाट जिथून निघाली ती जागा मला आजही गंमतीची वाटते. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या ३३(१०) या तरतुदीखाली, एक अट आहे: झोपडीधारकाशी होणारा करार झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार, दोघांच्या नावे करायचा. ना कुठल्या मौलवींनी सुचवलेली, ना कुठल्या सुधारकाने मोर्चा काढून मिळवलेली. बांधकामाच्या नियमांत, चटईक्षेत्राच्या आकड्यांच्या मध्ये ती बसलेली आहे. चेंबूरमधल्या पुनर्वसनाच्या इमारतींत ज्या बाईचं नाव करारावर नवऱ्याच्या जोडीने आहे, तिच्या हातात निकाहनाम्यापेक्षा जड कागद आहे. तलाकने लग्न संपतं, करारावरचं नाव खोडलं जात नाही.

ज्यांची इमारत अजून व्हायची आहे, त्यांनी करारावर सही होण्याआधी तो मागून घ्यावा आणि दोन्ही नावं आधार कार्डाप्रमाणे लिहिली आहेत का ते पाहावं. बाईचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असेल तर ते तेव्हाच दुरुस्त करून घ्यावं.