माहूरचे राजे उदाराम : एका वतनदार घराण्याचें राजकारण

इंग्लंडच्या राज्यकारभाराचा इतिहास वाचतांना दोन-चार घराण्यांचीं नांवें पुन:पुन्हा पुढें येतात. १५५८ मध्यें एलिझाबेथ राणीनें आपला चिटणीस म्हणून नेमिलेल्या विल्यम सेसिलचा वंशज लॉर्ड सॉल्सबरी १८८५ मध्यें त्याच देशाचा मुख्य प्रधान होतो. रसेल घराण्यांतील लॉर्ड विल्यम ह्यास १६८३ मध्यें राजद्रोहाच्या आरोपावरून देहान्त शासन होतें. अकरा वर्षांनीं त्याच्या वृद्ध पित्यास ड्यूक ही पदवी मिळते. आणि १८४६ मध्यें त्याच कुळांतील लॉर्ड जॉन मुख्य प्रधानाच्या आसनावर बसतो. राजे गेले, राजवंश बदलले, पण हीं घराणीं राहिलीं. आणि त्यांचे कागदही राहिले. सेसिल घराण्याच्या हॅटफील्ड येथील कागदांची सूची १८८३ पासून १९७६ पर्यंत छापली जात होती. तिचे २४ खंड झाले.

हें वाचतांना मनांत सहज प्रश्न येतो कीं, आमच्या प्रांतीं अशीं घराणीं नव्हतीं काय ? होतीं. त्यांपैकीं एकाचा परिचय करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तें घराणें म्हणजे माहूर व वाशीम येथील राजे उदाराम ह्यांचें. निमित्त मात्र घरगुती आहे. नांदेडास अध्यापन करीत असतां एकदां उंबरखिंडीचा पाठ चालला होता. एका विद्यार्थिनीनें विचारलें, "गुरुजी, रायबागीण आपल्या माहूरची ना ? मग ती महाराजांच्या विरुद्ध कां लढली ? ती फितूर होती काय ?" त्या वेळीं मीं जें उत्तर दिलें तें आतां आठवलें म्हणजे संकोच वाटतो. 'त्या काळीं तसें असे' एवढेंच बोलून मीं पान उलटलें. तें पान आज पुन्हा उघडीत आहें.

प्रथम स्थळाविषयीं. आज माहूर नांदेड जिल्ह्यांत आहे, म्हणून आपण त्यास मराठवाड्यांत मोजतों. पूर्वीं तसें नव्हतें. अबुल फजलनें आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची जी यादी दिली आहे, तींत माहूर व वाशीम हीं दोन्ही सरकारें आहेत. एका सुभ्यांतील दोन लगतच्या सरकारांत एकाच घराण्याचा अंमल असणें ह्यांत त्यामुळें आश्चर्य नाहीं. बहामनी अमदानींतही महमूद गावानानें वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन भाग केले होते. पैनगंगेच्या वळणांतील हा डोंगरी किल्ला ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं वऱ्हाडांतून तेलंगणांत उतरण्याची वाट, हें त्याचें महत्त्व. रेणुकामातेच्या दर्शनास जाणारा यात्रेकरू आजही तटाबुरुजांच्या सान्निध्यांतूनच जातो.

घराण्याचा पहिला प्रसिद्ध पुरुष उदाराम. हा ब्राह्मण. मलिक अंबराच्या चाकरींत हा वाढला व जहांगिराच्या काळीं मोगलांकडे गेला. फारसी तवारिखांत त्याचें नांव 'ऊदाजीराम' असें येतें. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांत व मराठी परंपरेंत 'उदाराम' असें. फारसी लिपींत स्वरचिन्हें बहुधा गाळलेलीं असतात, त्यामुळें कोणी 'उदयराम' असेंही वाचतात. एकच पुरुष तीन ठिकाणीं तीन नांवांनीं भेटतो, हें संशोधकानें प्रथम ध्यानीं ठेवावें. नाहीं तर एकाचे तीन सरदार होतात.

१६२३ मध्यें शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेंत पळाला. तापी उतरून गोवळकोंड्याच्या वाटेनें ओढ्या प्रांतीं जातांना त्यानें आपले जड सामान व जास्तीचे हत्ती कोठें ठेविले ? माहूरच्या किल्ल्यांत, उदारामाच्या हवालीं. पराभूत शहाजाद्यानें आपली मत्ता ज्याच्यावर सोपवावी तो मनुष्य केवळ भाडोत्री शिपाई नव्हे. परंतु पुढच्याच वर्षीं, १६२४ च्या भातवडीच्या रणांत, तोच उदाराम बादशाही फौजेंत उभा आहे. शिवभारतांत त्या फौजेच्या सरदारांत त्याचें नांव आलें आहे. आणि फारसी इतिहासकार दोष देतात कीं, मलिक अंबराचा हल्ला येतांच जाधवराव व उदाराम न झुंजतां निघून गेले. बादशहाची चाकरी, बंडखोर शहाजाद्याचा विश्वास आणि जुन्या धन्यावर हत्यार उगारण्यांत दिसलेली अनिच्छा, ह्या तिन्ही गोष्टी एका वर्षाच्या आंत एकाच पुरुषाच्या ठायीं दिसतात.

ह्यास चंचलपणा म्हणावें काय ? त्या काळच्या दख्खनचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. भातवडीस ज्याच्याबरोबर तो होता ते सिंदखेडचे लखुजी जाधवराव पुढें निजामशाहींत परतले आणि १६२९ मध्यें दौलताबादेच्या दरबारांत पुत्रांसह मारले गेले. १६३१ मध्यें कंधारचा किल्ला नसिरीखानानें घेतला. १६३६ मध्यें ह्याच सरदारानें, आतां खान-इ-दौरान ह्या किताबानें, उदगीर व औसा हे आजच्या लातूर जिल्ह्यांतील किल्ले हस्तगत केले. उदगीरचा किल्लेदार सिद्दी मिफ्ताह किल्ला देऊन मोगल मनसबदार झाला व हबशखान म्हणविला गेला. पांच-सात वर्षांत एका राज्याचा अस्त झाला, आणि गोदेपासून मांजरेपर्यंतच्या प्रत्येक किल्लेदारास व देशमुखास एकच प्रश्न पडला : धनी गेला, आतां आपल्या परगण्याचें काय ?

उदारामानें आपलें उत्तर आधींच ठरविलें होतें. १६३३ मध्यें महाबतखानानें दौलताबादेस वेढा घातला, त्या मोहिमेंत मोगलांकडे असतांच तो वारला. पाठीमागें पुत्र जगजीवन. महाबतखानानें त्यास मनसब दिली, कारण घराण्याची फौज पांगूं द्यावयाची नव्हती. येथें घराण्याच्या सामर्थ्याचें मर्म प्रकट होतें. मनसब व्यक्तीची, ती बादशहा देतो व बादशहा काढतो. पण शिबंदी मिळते ती देशमुखीमुळें, परगण्यांतल्या पाटलांशीं असलेल्या पिढीजात संबंधामुळें. ती बादशहा देऊं शकत नाहीं. मनसबदाराचा मुलगा लहान असला तरी देशमुखाचा मुलगा लहान नसतो. म्हणून बादशाहीलाही ह्या घराची गरज होती.

ह्याच घराण्यांतली विधवा म्हणजे रायबागीण. सावित्रीबाई हें तिचें नांव परंपरेनें रूढ आहे. 'रायबागीण' हा औरंगजेबाच्या काळीं मिळालेला किताब. पुढें 'उदाराम' हें एका पुरुषाचें नांव न राहतां घराण्याचेंच नांव झालें, त्यामुळें 'उदारामाची विधवा' एवढ्या शब्दांवरून ती मूळ पुरुषाची पत्नी कीं सून हें ठरविणें युक्त नव्हे. कवींद्र परमानंदानें 'रायबागीण' ह्याचें संस्कृत रूप 'राजव्याघ्री' असें केलें आहे. 'राय' म्हणजे राजा, 'बागीण' म्हणजे वाघीण. उद्यानाचा येथें संबंध नाहीं. फारसी लेखनांत काफ व गाफ ह्यांतील भेद पुष्कळदां दाखविलेला नसतो, म्हणून त्या बाजूनें नांवाची जी नानाविध रूपें झालीं त्यांवर कवीचा हा एक शब्द उत्तम उपाय आहे. संस्कृत काव्यें इतिहासास निरुपयोगी असें मानणाऱ्यांनीं हें उदाहरण लक्षांत घ्यावें.

१६६१ च्या फेब्रुवारींत शाएस्ताखानानें पुण्याहून कारतलबखानास कोंकणांत उतरविलें. बरोबर कछप, चव्हाण, अमरसिंह, मित्रसेन, गाढे, कोकाटे, जाधव अशा सरदारांत रायबागीणही होती. खोपोलीजवळच्या अरण्यांत, उंबरखिंडींत, शिवाजी महाराजांनीं ही फौज पुढून व मागून कोंडली. निर्वात जागा, पाण्याचा अभाव, वर डोंगरावर मावळे. अशा वेळीं खानाला जिनें सत्य सांगितलें ती ही बाई. परमानंदाच्या वर्णनाचें तात्पर्य असें कीं, शत्रूच्या ओळखीच्या रानांत आंधळेपणानें शिरल्याबद्दल तिनें खानास बोल लाविला, आणि सेना वांचवावयाची तर शरण जाण्यांत विलंब करूं नये असें बजाविलें. खानानें वकील पाठविला, खंडणी व सरंजाम सोडला, आणि महाराजांनीं फौजेस जाऊं दिलें.

शिवभारत हें भोसल्यांच्या आश्रयांत रचलेलें काव्य. त्यांत शत्रुपक्षाची निंदा पुष्कळ आहे. तरीही ह्या स्त्रीच्या मुखीं कवीनें विवेकाचें भाषण घातलें, हें लक्षणीय आहे. महाराजांच्या कवीस जी फितूर दिसली नाहीं, ती आपणांस कां दिसावी ? 'फितूर' हा शब्द ज्याचें अन्न खाल्लें त्याच्याशीं बेइमानी करणाऱ्यास लागतो. रायबागिणीनें १६६१ पूर्वीं भोसल्यांचें अन्न कधीं खाल्लें नव्हतें. तिच्या घराण्याची निष्ठा वतनाशीं. सिंहासनाशीं तिचा संबंध कराराचा. ही निष्ठा उदात्त होती असें माझें म्हणणें नाहीं. स्वराज्याची कल्पना वतनाच्या कुंपणापलीकडची होती. ती ज्यांस उमगली ते थोर, ज्यांस उमगली नाहीं ते आपल्या काळाचे. महाराजांस वतनदारांचे वाडे-हुडे पाडावे कां लागले, ह्याचेंही कारण हेंच. पण दोष द्यावयाचा तो नेमका द्यावा : संकुचितपणाचा द्यावा, विश्वासघाताचा देऊं नये.

आतां आरंभींच्या तुलनेकडे वळूं. रसेल व सेसिल ह्यांना जमीन होती, आमच्या देशमुखांसही होती. भेद दोन. पहिला असा कीं, तिकडे पदवी व मुख्य जमीन ज्येष्ठ पुत्राकडे जाई व इस्टेट एकसंध राही. इकडे तक्षिमा पडत, भाऊबंदकी होई, आणि तीन पिढ्यांत राजे उदारामांच्या जागीं अनेक हिस्सेदार दिसूं लागत. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. तिकडच्या सरदारास आपलें मत मांडावयास सभागृह होतें. राजाशीं विरोध करावयाचा तर मस्तक जाण्याचें भय असलें तरी त्या विरोधास जागा होती. ती वंशपरंपरागत बैठक बहुतेकांची गेली ती १९९९ मध्यें, कायद्यानें. आमच्या सरदारांस सभागृह नव्हतें, किल्ला होता. मतभेद दाखविण्याचा मार्ग एकच : फौज घेऊन दुसऱ्या बाजूस जाणें, अथवा भातवडीप्रमाणें न लढणें. ज्या क्रियेस तिकडे पक्षान्तर म्हणतात, तीस आपण इकडे फितुरी म्हणतों.

घराण्याच्या अवनतीची कथा थोडक्यांत सांगतां येते. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांकडे गेलें. वाशीम इंग्रजी अंमलांत व माहूर निजामाकडे, मध्यें पैनगंगा. एका घराण्याच्या वतनांतून सरहद्द गेली. १८६५ च्या सुमारास सालारजंगानें जिलाबंदी केली, तेव्हां निजामी मुलखांतील देशमुखांकडील वसुलाचें काम जाऊन हातीं रसूम उरला. काम गेलें आणि मान राहिला, म्हणजे मानही फार दिवस राहत नाहीं. १९४९ मध्यें हैदराबाद संस्थानांतील जहागिऱ्या खालसा झाल्या.

ह्या सरहद्दींचा फटका कागदांस बसला, आणि आमच्या वाचकांस विनंती आहे ती ह्याच संबंधीं. माहूर १९५६ पर्यंत किनवट तालुक्याबरोबर आदिलाबाद जिल्ह्यांत होतें. त्यानंतर तें नांदेडास जोडलें गेलें. उदगीर त्याच वर्षीं बीदरेकडून उस्मानाबादेस आलें व १९८२ मध्यें नव्या लातूर जिल्ह्यांत गेलें. म्हणून एका घराण्याचे कागद पाहावयाचे तर आज तीन राज्यांतील दप्तरें धुंडावीं लागतात, आणि खाजगी रुमाल वेगळेच. ज्यांच्या संग्रहीं माहूर, वाशीम, उदगीर, औसा, कंधार ह्या परगण्यांचे महजर, वाटणीपत्रें, हकजाबित्याच्या यादी असतील, त्यांनीं कागद सोडूं नयेत. पण नक्कल द्यावी, आणि शिक्क्याचा ठसा अवश्य घ्यावा.

एक सावधगिरी मात्र पाळावी. अशा कागदांवर पुष्कळदां नुसता अंक असतो, सनाचें नांव नसतें. १०६१ हा अंक घ्या. तो शुहूर असेल तर ५९९ मिळवून १६६०-६१ येतें, म्हणजे उंबरखिंडीचें वर्ष. दक्षिणी फसली असेल तर ५९० मिळवून १६५१-५२ येतें. हिजरी असेल तर १६५१ च्या आसपास. नऊ वर्षांच्या ह्या फरकानें रायबागीण शाएस्ताखानाच्या मोहिमेंत सांपडते किंवा शहाजहानाच्या अमदानींत मागें जाते. तेव्हां अंकापूर्वीं अक्षरांत 'इहिदे सितैन अलफ' असें कांहीं आहे काय तें पाहावें, महिना मराठी कीं मुसलमानी तें पाहावें, आणि मगच इसवी सन मांडावा.

हॅटफील्डचे २४ खंड छापावयास ९३ वर्षें लागलीं. आपणांस तितकें आयुष्य नाहीं आणि वाळवीस तितका धीर नाहीं. त्या विद्यार्थिनीस मीं जें उत्तर दिलें नाहीं, तें पुढच्या शिक्षकास देतां यावें, ह्यासाठीं तरी माळ्यावरचे रुमाल खालीं काढावे.