एकाच रंगाची दोन पाने

पत्त्यांच्या खेळावरील पुस्तकांना वाङ्मय म्हणण्याची आपल्याकडे प्रथा नाही. तरीही मूल्यमापनाचे निकष कोणत्या परिस्थितीत घडतात आणि ती पालटली की कसे अपुरे पडतात, हे पाहायचे असेल, तर टेक्सस होल्डेम या पोकरप्रकारावरील मार्गदर्शक पुस्तके आपल्याला बरेच शिकवतात.

या खेळात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. नंतर आधी तीन, मग एक, मग आणखी एक अशी पाच पाने सर्वांसाठी मध्ये उघडली जातात, आणि सातांतील उत्तम पाच पानांवर निकाल लागतो. आरंभीच्या दोन पानांचे प्रकार १६९: १३ जोड्या, ७८ एकरंगी आणि ७८ भिन्नरंगी.

कॅलिफोर्नियात हा खेळ एका शब्दामुळे अडला होता. १८८५ च्या कायद्याने ‘स्टड-हॉर्स पोकर’ निषिद्ध ठरवले, पण त्याची व्याख्या दिली नाही. शंभर वर्षांनी त्या शब्दाचा नेमका अर्थ सांगणे कठीण झाले. तोवर गार्डेनाच्या पत्तेघरांत सर्व पाने झाकलेला ड्रॉ पोकर चाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस होल्डेम या बंदीत मोडत नाही असे न्यायालयात ठरले, आणि तो तिथल्या सामान्य खेळाडूंच्या हाती आला.

१९८८ साली डेव्हिड स्क्लान्स्की व मेसन माल्मुथ यांचे ‘होल्डेम पोकर फॉर अॅडव्हान्स्ड प्लेयर्स’ आले. त्यांनी आरंभीच्या पानांची आठ गटांत प्रतवारी लावली. एकरंगी एक्का-राजा पहिल्या गटात, भिन्नरंगी दुसऱ्यात. एकरंगी राजा-राणी दुसऱ्यात, भिन्नरंगी थेट चौथ्यात. वस्तुतः एकाच प्रतिस्पर्ध्यासमोर, त्याची पाने अज्ञात असता, रंगाने होणारा लाभ सुमारे दोन टक्क्यांचाच. हातातल्या दोन पानांचा रंग शेवटी जुळतो तोही शंभरात सहा वेळा. मग एवढी बढती कशासाठी?

उत्तर टेबलाभोवतीच्या माणसांत सापडते. तीन-सहा डॉलरांच्या डावात पहिल्या दोन फेऱ्यांत बोली तीन डॉलरांची, पुढच्या दोन फेऱ्यांत सहाची. सहा जणांनी तीन-तीन डॉलर भरले की रास अठरा डॉलरांची होते. मधली तीन पाने उघडल्यावर एकाने तीन लावले, दोघांनी भरले, तर आपल्या तीन डॉलरांपुढे सत्तावीस डॉलर असतात. आपल्या रंगाची चार पाने जुळली असतील, तर पाचवे उरलेल्या दोन पानांत येण्याचा संभव ३५ टक्के. अशा वेळी भरणे सहज हिशेबात बसते.

हाच स्वस्त दर भिन्नरंगी एक्का-राणीवर उलटतो. राणीची जोड लागली तरी तेवढ्या बोलीने कोणी उठत नाही, आणि पाच जणांपुढे एक जोड टिकणे अवघड. एकरंगी उच्च पानांना दोन वाटा असतात: गर्दी पांगली तर जोड, राहिली तर रंग. मात्र निव्वळ रंगावर विसंबून चालत नाही. राजा-दुर्री एकरंगी आहे एवढ्यासाठी भरणारा खेळाडू रंग जुळूनही एक्केवाल्याकडून हरू शकतो, आणि राजाची जोड लागली तरी सोबतची दुर्री त्याला तारत नाही.

लहान डावांना स्वतःचे शास्त्र मिळायला वेळ लागला. १९८८ च्या पुस्तकाचा रोख जाणत्यांच्या, मध्यम दरांच्या टेबलाकडे होता. १९९४ साली ली जोन्स यांनी ‘विनिंग लो-लिमिट होल्डेम’ लिहिले. २००४ साली एड मिलर यांनी स्क्लान्स्की-माल्मुथ यांच्यासह ‘स्मॉल स्टेक्स होल्डेम’ सिद्ध केले आणि विचार पुढे नेला: चार पाने जुळलेल्याने, पुरेसे लोक भरत असतील तर, स्वतःच बोली चढवावी. तिघे बरोबरीने भरत असता त्याचा खर्च चौथ्या हिश्शाचा, जिंकण्याचा संभव मात्र त्याहून मोठा.

२०१५ साली अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी ठरीव बोलीचा, दोघांचा होल्डेम संगणकाने जवळजवळ पूर्णपणे सोडवल्याचे जाहीर केले. नऊ जणांचे टेबल त्या उत्तराबाहेरच राहिले. प्रतवारीची यादी हाती घेताना ती कोणत्या टेबलासाठी लिहिली गेली हे आधी विचारावे, असे आम्हांला वाटते. लहान डावातला खेळाडू हा प्रश्न टाळतो तेव्हा त्याची किंमत तो तीन-तीन डॉलरांनी मोजतो.