एफबीआयचा हरवलेला नकाशा

'एंटरप्राइझ आर्किटेक्चर' हे शब्द आमच्या धंद्यात इतके वापरले जातात की त्यांचा अर्थ कोणी विचारतच नाही. विचारलाच, तर समोरचा एक पीपीटी उघडतो, त्यात रंगीत चौकोन आणि बाण असतात, आणि आपण मान डोलावतो. एका क्लायंटकडे तर हा नकाशा भलामोठा छापून भिंतीवर लावला होता. त्याच्या शेजारी वॉटर कूलर होता. गर्दी कूलरपाशी असायची.

साध्या भाषेत सांगायचं तर एखादा जुना वाडा डोळ्यासमोर आणा. आजोबांनी मागे दोन खोल्या काढल्या, काकांनी वर माडी चढवली, मग कधीतरी वीज आली, नळ आला. आता नवीन नळ घ्यायचा म्हटलं की प्लंबर भिंत फोडून बघतो, आत पाईप आहे का वायर! वाड्यात आज काय आहे, काय कशाला जोडलंय, उद्या काय हवंय आणि तिथवर कसं जायचं, हे सगळं ज्या कागदावर लिहिलेलं असतं तो कागद म्हणजे आर्किटेक्चर. १९८७ मध्ये आयबीएमच्या जॉन झॅकमन यांनी या विषयावर एक लेख लिहिला, या विद्येची सुरुवात साधारण तिथून धरतात. १९९६ मध्ये अमेरिकेत क्लिंगर-कोहेन कायदा झाला आणि सरकारी खात्यांच्या सीआयओंवर असा नकाशा तयार करायची जबाबदारी आली.

आता कायदा केला म्हणून नकाशा तयार होतो असं थोडंच आहे? एफबीआयचंच बघा.

एफबीआयकडे १९९५ पासून 'ऑटोमेटेड केस सपोर्ट' नावाची सिस्टीम होती. मेनफ्रेम, अ‍ॅडाबास डेटाबेस, नॅचरल ही भाषा, हिरवी अक्षरं आणि स्क्रीनमागून स्क्रीन. म्हणजे जन्मतःच म्हातारी. अधिकृत रेकॉर्ड कागदावरच राहिलं. एजंट मुलाखत घेणार, फॉर्म भरणार, छापणार, वरिष्ठांची सही घेणार, आणि मग ते सिस्टीममध्ये चढवणार (किंवा नाही चढवणार). याची किंमत २००१ मध्ये दोनदा दिसली. फेब्रुवारीत रॉबर्ट हॅन्सन पकडला गेला. एफबीआयचाच माणूस, रशियाचा हेर, आणि आपल्यावर कोणाचा संशय आहे का हे तो याच सिस्टीममध्ये शोधून बघत असे! मे महिन्यात ओक्लाहोमा सिटी बॉम्बस्फोटातल्या टिमथी मॅक्वेच्या फाशीला जेमतेम आठवडा उरला असताना ३ हजारांहून जास्त पानं सापडली, जी बचाव पक्षाला द्यायची राहून गेली होती. फाशी १६ मेवरून ११ जूनवर गेली. ही पानं वेगवेगळ्या शहरांतल्या ऑफिसांत पडून होती. कुठे काय आहे हे एका जागी बसून सांगू शकेल असं कोणी नव्हतं.

तोपर्यंत 'ट्रिलॉजी' नावाचा प्रकल्प मंजूर झाला होता, खर्च सुमारे ३८ कोटी डॉलर. त्यात तीन गोष्टी: नवे पीसी, नवं नेटवर्क आणि नवं सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअरचं काम जून २००१ मध्ये एसएआयसी या कंपनीला मिळालं. मूळ काम माफक होतं, जुन्या सिस्टीमना वेबचा चेहरा द्यायचा. पण मग ११ सप्टेंबर आलं. हल्लेखोरांचे फोटो आपल्याच ऑफिसांना ईमेल करता येईनात, टपालाने पाठवावे लागले. नंतरच्या चौकशी आयोगाचा सूर असा होता की एफबीआयला स्वतःला काय माहीत आहे हेच माहीत नव्हतं. झालं! चेहरा वगैरे राहिला बाजूला, ठरलं की जुनं सगळं टाकून नवीन 'व्हर्च्युअल केस फाईल' बांधायची, आणि लवकर.

हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. चूक पुढे आहे. वाडा पाडून बंगला बांधायचा ठरलं, पण वाड्याचा नकाशा कोणाकडेच नव्हता. मग रिक्वायरमेंटचा जो दस्तऐवज झाला तो ८०० पानांच्या वर गेला. स्क्रीनवर बटण कोणतं हवं इथपर्यंत तपशील, पण एजंटचं काम कसं चालतं, कोणती माहिती कोणाकडून कोणाकडे जाते आणि ते बदलायचं का, याचं चित्र नाही. ज्यांनी कधी रिक्वायरमेंट गोळा केल्यात त्यांना हे ओळखीचं वाटेल. माणसं आपलं काम सांगत नाहीत, स्क्रीन सांगतात. एसएआयसीचं म्हणणं असं की एका टप्प्यावर रोज सरासरी १.३ बदल येत होते. ते कोणी थांबवायचे? एफबीआयमध्ये त्या काळात पाच सीआयओ किंवा प्रभारी सीआयओ होऊन गेले.

सप्टेंबर २००३ मध्ये जीएओने अहवाल दिला. जीएओ म्हणजे अमेरिकन संसदेचे हिशेबतपासनीस, आपल्या कॅगचे भाऊबंद. त्यांनी आर्किटेक्चर मोजायची एक पाच पायऱ्यांची शिडी केली होती: जाणीव, पाया, आराखडा करणं, तो पुरा करणं, आणि शेवटी त्याचा वापर करून बदल घडवणं. आधुनिकीकरण सुरू होऊन दोन वर्षं झाली तरी एफबीआय पहिल्या पायरीवर होती. म्हणजे जाणीव!

डिसेंबर २००३ मध्ये सॉफ्टवेअर आलं आणि एफबीआयने ते नाकारलं. आधी १७ दोष, मग ५९. लवाद नेमला, त्याने सांगितलं की त्यातल्या १९ गोष्टी एफबीआयने बदललेल्या मागण्या आहेत, ४० एसएआयसीच्या चुका. मे २००४ मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने सांगितलं की आधी आर्किटेक्चर करा, आणि ते वरच्या लोकांनी स्वतः करा, कारण ते संगणकाचं नाही, संस्थेच्या कामाचं चित्र आहे. २००५ मध्ये प्रकल्प गुंडाळला. १७ कोटी डॉलर गेले, त्यातले साधारण साडेदहा कोटी कधीच न वापरलेल्या सुमारे ७ लाख ओळींच्या कोडवर.

इथे गोष्ट संपवली तर 'बघा, नकाशा हवा' एवढंच होतं. पण पुढचा भाग मला जास्त आवडतो. धडा घेऊन एफबीआय नकाशाच्या कामाला लागली. सप्टेंबर २००५ मध्ये जीएओने प्रगती आहे पण बरंच बाकी आहे असं म्हटलं. मार्च २००६ मध्ये लॉकहीड मार्टिनला 'सेंटिनेल' दिलं. चार टप्पे, साडेबेचाळीस कोटी, डिसेंबर २००९ ची मुदत. यावेळी देखरेख होती, कागदपत्रं होती. आणि ऑगस्ट २०१० पर्यंत वाढीव ४५ कोटी १० लाखांपैकी साडेचाळीस कोटी खर्च होऊन टप्पे मिळाले दोन!

त्या शिडीबद्दल माझी तक्रार इथेच आहे. तिच्या खालच्या पायऱ्या बहुतेक 'आहे का?' विचारतात. समिती आहे का, धोरण आहे का, आराखडा आहे का. 'त्यामुळे कोणता निर्णय बदलला?' हा प्रश्न सगळ्यात वर, आणि तिथवर चढेपर्यंत ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या बदल्या झालेल्या असतात. ऑगस्ट २०१० मध्ये जीएओने शिडी सुधारली, सात पायऱ्या आणि ५९ घटक केले. घटक वाढले की तपासणाऱ्याचं समाधान वाढतं, हे आमच्याकडच्या ऑडिटच्या दिवसांत कोणालाही दिसेल.

एफबीआयने मग काम स्वतःच्या हातात घेतलं. कंत्राटी माणसं साधारण २२० वरून ४० वर आणली, दर दोन आठवड्यांनी चालणारा तुकडा दाखवायचा अशी पद्धत ठेवली. चालत नसेल तर लगेच दिसतं, त्यासाठी वर्षभर अहवालाची वाट बघावी लागत नाही. १ जुलै २०१२ ला सेंटिनेल सगळीकडे सुरू झालं.

२०१४ मध्ये न्याय खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने वापरणाऱ्यांनाच विचारलं. एकूण मत चांगलं होतं. कागद कमी झाले, फाईल सापडते, सही ऑनलाईन होते. मात्र सेंटिनेलमध्ये शोध घेणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांनीच सांगितलं की हवं ते बहुतेक वेळा मिळतं. कधी इतके निकाल येत की चाळता येत नसत, आणि कधी जी गोष्ट सिस्टीममध्ये असल्याचं एजंटला माहीत होतं तीच येत नसे.