मांजरेचं पात्र वाचायचं कसं : एका विचाराचा मागोवा

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून वर आलं की बालाघाटचं पठार लागतं आणि थोड्याच अंतरावर नेकनूर येतं. पठाराच्या उत्तर कडेचं पाणी बिंदुसरेतून सिंदफणेला आणि तिथून लवकरच गोदावरीला मिळतं. दक्षिणेकडच्या उताराचं पाणी मांजरेचं. तीही शेवटी गोदावरीलाच मिळते, पण पाटोदा तालुक्यात उगम पावल्यावर बीड, धाराशिव, लातूर, कर्नाटक, तेलंगण असा सातशे किलोमीटरांहून मोठा वळसा घेऊन. पाऊस एकाच पठारावरचा, तरी एक नदी कड्यावरून तीव्र उताराने धावत सुटते आणि दुसरी संथ उतारावर गाळ पसरत जाते. दोघींवर उपाय मात्र आपण एकच करत आलो: बंधारा घाला, नाही तर पात्र खणा. उतार, खडक आणि गाळ पाहून नदीचं व्यवस्थापन ठरवावं, या विचाराला याच भागात जुनी मुळं आहेत. ती ओळखल्याशिवाय पुढची कामं नीट होणार नाहीत.

पहिलं मूळ बीडजवळच्या खजाना विहिरीत सापडतं. ही विहीर 1572 ची, म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीतली. सलाबत खानाने राजा भास्कर या जाणकाराकडून ती बांधून घेतली असं मानलं जातं. भुयारी मार्गांनी पाणी विहिरीत यावं आणि तसंच पुढे निव्वळ उताराने शेतांपर्यंत जावं, अशी तिची रचना. पाणी उपसायला ना मोट लागली, ना माणूस. जमिनीचा ढाळ आणि खडकातला पाझर यांचं नेमकं भान असल्याशिवाय हे साधत नाही. भूरूप वाचून पाण्याची सोय करण्याची परंपरा इथे साडेचारशे वर्षांची आहे, असं म्हणूनच म्हणता येतं.

नंतर मोठ्या धरणांचा काळ आला. नेकनूर तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं आणि त्याच संस्थानाने मांजरेवर 1923 ते 1931 या काळात निजामसागर बांधलं. मुख्य अभियंता अली नवाज जंग. काम भव्य होतं, शेतीला त्याचा मोठा आधार झाला. पण काही दशकांतच साठवणीचा मोठा भाग गाळाने भरला. वरच्या पठारावर नांगरलेल्या, उघड्या पडलेल्या जमिनीतून सुटलेली माती शेकडो किलोमीटर खाली जाऊन बसत होती. नदी पाण्याबरोबर माती, वाळू आणि गोटेही वाहून नेते. धरणाचा हिशेब पाण्याचा होता, गाळाचा हिशेब नदीने दाखवून दिला.

हाच हिशेब 1955 मध्ये अमेरिकेतल्या एमरी लेन या अभियंत्याने सूत्रात मांडला. तराजूच्या एका पारड्यात पाणी आणि उतार, दुसऱ्यात गाळाचं प्रमाण आणि त्याच्या कणांचा आकार. एका बाजूला बदल केला की नदी पात्र खरवडून किंवा भरून तोल सावरते. धरणामागे गाळ अडकला तर खाली सोडलेलं स्वच्छ पाणी काठ आणि तळ खातं. वाळू उपसली तरी तेच घडतं. खणलेल्या भागाच्या वरच्या टोकाला तळात एक पायरी तयार होते. प्रत्येक पुरात ती कोसळत वरच्या अंगाला सरकते आणि मुख्य नदीपाठोपाठ तिला मिळणारे ओढेही खोल होत जातात.

महाराष्ट्रात नद्यांची भूरूपं वाचण्याचं काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजलं. अश्मयुगीन हत्यारं नदीकाठच्या गोट्यांच्या थरांत मिळत होती, आणि त्यांचं वय ठरवायचं तर नदीचा इतिहास कळणं भाग होतं. शरद राजगुरू आणि विश्वास काळे यांनी 1987 मध्ये 'नेचर'मध्ये दख्खनच्या नद्यांचा तो इतिहास मांडला. मान्सून दुबळा होता तेव्हा या नद्यांनी गाळाचे जाड थर साठवले आणि तो जोमात आल्यावर तेच थर कापून त्या खोल गेल्या. आज काठावर दिसणाऱ्या उंच दरडी हा त्या बदलांचा पुरावा आहे. इथल्या नदीचा पाया बसाल्टचा आणि वरचा गाळ हजारो वर्षांत साठलेला. यंत्राने तो काही दिवसांत निघतो, नदीला तो परत आणायला किती काळ लागेल याची कल्पना या थरांवरून येते.

1972 च्या दुष्काळाने या विचाराला दुसरी शाखा फुटली. रोजगार हमीवर पाझर तलाव आणि नालाबांध झाले. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने राज्याची दीड हजारांहून अधिक पाणलोटांत विभागणी केली आणि प्रत्येकात पाणी वाहून जाणारं, मुरणारं आणि साठणारं क्षेत्र नकाशावर दाखवलं. जागेचा स्वभाव पाहून काम ठरवण्याचं इतकं चांगलं साधन सरकारच्या हाती तेव्हापासून आहे.

डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं आणि गावोगावी पोकलेन उतरले. नकाशे मागे पडले, खणलेल्या मीटरांचे आकडे पुढे आले. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या होरपळीत लातूरकरांनी लोकवर्गणी काढून मांजरेचं 18 किलोमीटर पात्र खोल आणि रुंद केलं. तहानलेल्या शहराची ती धडपड खरी होती, आणि पावसाळ्यात पात्र भरल्यावर झालेला आनंदही. पण खड्ड्यात दिसणारं पाणी आणि भूजलात मुरलेलं पाणी एक नसतं. तळाशी सलग पाषाण असेल तर पाणी मुरतच नाही. मुरूम आणि सच्छिद्र मांजऱ्या खडक असेल तर मुरतं, पण पात्र विहिरींच्या पाणीपातळीखाली गेलं की उलट विहिरींचंच पाणी नदीकडे झिरपतं. वाळू गेली की पुढच्या पुरांतला बारीक गाळ तळावर बसतो आणि पाझराच्या वाटा बुजतात. प्रा. एच. एम. देसरडा यांनी हे प्रश्न उच्च न्यायालयात नेले, माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 2020 मध्ये कॅगने नोंदवलं की 9,633 कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढवण्यात अभियानाचा परिणाम अल्पच राहिला.

या अभियानाच्या आधीच जगात दुसरी रीत पक्की झाली होती. ऑस्ट्रेलियात गॅरी ब्रायर्ली आणि कर्स्टी फ्रायर्स यांनी बेगा नदीच्या खोऱ्यात काम करून 2005 मध्ये ती पुस्तकात मांडली. आधी नदीचे स्वभावानुसार तुकडे पाडायचे. मग प्रत्येकाची आजची प्रकृती तपासायची, तो आपोआप सावरेल का ते पाहायचं आणि शेवटी काम कुठून सुरू करायचं हे ठरवायचं. जो तुकडा अजून धड आहे तो आधी जपायचा, कारण बिघडलेला दुरुस्त करण्यापेक्षा ते सोपं आणि स्वस्त असतं. भारतात गंगेसाठी आयआयटी कानपूरच्या राजीव सिन्हा यांनी याच दिशेने काम केलं.

नेकनूरच्या परिसरात ही रीत उतरवायला परदेशी यंत्रणा लागत नाही. पठारावरच्या बारीक ओघळींत खोदकाम नकोच. तिथे समतल चर, बांधबंदिस्ती आणि चराईपासून राखलेलं गवत हवं, म्हणजे माती जागच्या जागी राहील. मधल्या ओढ्यांत, जिथे मुरूम आहे तिथेच, कमी उंचीचे बंधारे घालावेत. मांजरेच्या रुंद पात्रात वाळू राखावी, वळणं सरळ करू नयेत आणि काठावरच्या मळईत पुराला पसरायला जागा ठेवावी. बिंदुसरेचा प्रश्न आणखी वेगळा. कडा उतरून आलेलं पाणी बीड शहरात किती वेगाने शिरतं हे 1989 च्या जुलैतल्या पुरात दिसलं, तेव्हा तिथे पात्रातली अतिक्रमणं रोखणं हाच पहिला उपाय.

सप्टेंबर 2021 मध्ये मांजरा धरणाचे दरवाजे उघडले आणि काठची शेतं पाण्याखाली गेली. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात पुन्हा जमिनी खरवडून निघाल्या. दुष्काळात खणायचं आणि पुरात पंचनामे करायचे, एवढ्यावर नदीची व्यवस्था चालत नाही. पुढचं यंत्र पात्रात उतरण्याआधी त्या तुकड्याचा उतार, खडक, गाळ आणि आसपासच्या विहिरींची पातळी यांची नोंद ग्रामसभेपुढे ठेवली गेलीच पाहिजे. नकाशे आहेत, अभ्यासक आहेत, पात्राची खोड पिढ्यान् पिढ्या ओळखणारे शेतकरीही आहेत. त्यांना एकत्र बसवून मगच कामाला मंजुरी द्यायची, हा नियम व्हायला हवा.